जास्वंदीची काडी पालवते आणि मग का मरते? या चुका टाळा

मृग लागला की शेजारच्या परसातून जास्वंदीची फांदी मागून आणायची आणि कुंडीत खोचायची, ही कोल्हापुरात घरोघरची रीत. तांबडी गावठी जास्वंद लागतेही सहज. तरी काड्या काळ्या पडल्याची तक्रार दर पावसाळ्यात ऐकू येते.

सगळ्यात मोठी फसगत पालवी करते. दहा-पंधरा दिवसांत डोळ्यातून हिरवी पानं फुटतात आणि आपण काडी जगली असं धरून चालतो. ती पानं काडीत साठलेल्या अन्नावर आलेली असतात. मुळं धरायला चार ते आठ आठवडे लागतात. नेमक्या याच दिवसांत कुंडी उन्हात जाते, शेणखत पडतं, नाहीतर मूळ आलं का बघायला काडी उपसली जाते. मी पहिल्या वर्षी पिवळ्या जास्वंदीची काडी अशीच तीनदा उपसली. तिसऱ्यांदा खाली पांढरी कोवळी मुळं होती, ती हातातच तुटली. त्याचं अजून वाईट वाटतं. आता मी तळाला भोकं पाडलेल्या पारदर्शक प्लास्टिक ग्लासात काडी लावते आणि तो ग्लास एका छोट्या कुंडीत ठेवते, म्हणजे मुळांना अंधार मिळतो. बघावंसं वाटलं की ग्लास तेवढा उचलायचा.

दुसरी चूक मातीची. पंचगंगेकाठची काळी माती उसाला मानवते, पण बिनमुळाच्या काडीला नाही. तिच्यात पाणी साचून राहतं, हवा खेळत नाही आणि काडीचा बुडखा सडतो. अर्धी धुतलेली जाड वाळू आणि अर्धं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घ्या. मुठीत दाबल्यावर पाणी ठिबकलं तर मिश्रण जास्त ओलं आहे. जुलैच्या झडीत ग्लास उघड्यावर ठेवू नका. बुडखा काळा पडला पण वरची साल हिरवी असेल, तर निरोगी पांढरं लाकूड दिसेपर्यंत कापा आणि नव्या मिश्रणात लावा.

काडी पेन्सिलीएवढी जाड, 5-6 इंच लांब आणि हिरवट-करडी हवी. कोवळा शेंडा लगेच मान टाकतो. काप पेराच्या, म्हणजे पान फुटतं त्या गाठीच्या, जरा खाली घ्या, कळ्या खुडा, वरची दोनच पानं ठेवा, मोठी असली तर अर्धी कापा. मुळं नसताना पानांतून पाणी उडत राहिलं की काडी सुकते. पांढऱ्या कापसासारखे पिठ्या ढेकूण असलेल्या झाडाची फांदी मात्र कुणी प्रेमाने दिली तरी घेऊ नका.

नर्सरीतल्या मोठ्या, दोन-तीन रंगांच्या संकरित जास्वंदीबद्दल वेगळं सांगायला हवं. त्यातल्या बऱ्याच जातींच्या काड्या मुळं धरायला कुरकुरतात, म्हणून त्या गावठी खुंटावर, म्हणजे गावठी जास्वंदीच्या मुळं असलेल्या खोडावर, कलम केलेल्या असतात. सांध्याखालून फुटलेली फांदी लावली तर खुंटाचंच फूल येतं. बियांपासूनही आईसारखं फूल मिळत नाही. अशा झाडाला पावसाळ्यात गुटी बांधून बघा, म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिला मुळं फुटवा: इंचभर साल गोलाकार काढायची, ओलं शेवाळ (स्फॅग्नम मॉस) गुंडाळायचं आणि वर प्लास्टिक घट्ट बांधायचं.

मुळं दीड-दोन इंच झाली की पन्हाळ्याकडची तांबडी माती, वाळू आणि थोडं कुजलेलं शेणखत घातलेल्या कुंडीत रोप हलवा. आठवडाभर सावली, मग सकाळचं ऊन. जूनमध्ये लावलेल्या काडीकडून त्याच वर्षीच्या गणपतीला फुलाची अपेक्षा धरू नका. कळी आलीच तर खुडा, रोप आधी भरू द्या.