पणजीचं माहेर कसं शोधावं: जुन्या लग्नांच्या आणि जन्म-मृत्यूच्या नोंदींचा माग

शंभर वर्षांपूर्वीच्या एखाद्या हिंदू लग्नाचा सरकारी कागद शोधायला निघालात, तर तो बहुधा मिळणार नाही, कारण असा कागद कधी झालाच नव्हता. सप्तपदी झाली की लग्न झालं. कचेरीची पायरी कुणी चढत नसे. मुंबई राज्यात विवाह नोंदणीचा कायदा आला 1953 साली आणि महाराष्ट्राचा सध्याचा कायदा 1998 चा आहे. त्यामुळे पणजोबांचा माग जमिनीच्या कागदांतून लागतो, पणजीचा मात्र तुटतो. लग्नात तिचं आडनाव बदललं, गाव बदललं, पुष्कळ घरांत नावही बदललं. म्हणून माझं सांगणं असं की लग्नाची तारीख शोधत बसू नका, आधी पणजीचं माहेर शोधा. लग्नाचा काळ त्या वाटेवरच हाती लागतो.

घरापासून सुरुवात

पहिल्यांदा माळ्यावरची तांब्या-पितळेची भांडी खाली काढा. आहेरात आलेल्या घागरीच्या, परातीच्या काठावर देणाऱ्याचं नाव, कधी गाव आणि तारीखसुद्धा कोरलेली असते. अक्षरं झिजलेली असतील तर भांडं चिंचेने घासून, तिरप्या उजेडात धरून वाचा आणि फोटो काढून ठेवा. ‘मामाकडून’ आणि पुढे नुसतं आडनाव कोरलेलं असलं तरी ते लाख मोलाचं. देव्हाऱ्यातल्या पोथ्या, जुन्या जन्मपत्रिका, लग्नपत्रिका, ट्रंकेत तळाशी अंथरलेले कागदही सोडू नका.

मग घरातल्या वयस्कर बायकांशी बोला. ‘आजीचं लग्न कोणत्या साली झालं?’ या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. ‘भाऊबीजेला तिच्याकडे कोण यायचं?’, ‘पहिल्या बाळंतपणाला ती कुठे गेली होती?’, ‘तुमच्या मामाचं गाव कुठलं?’ असं विचारा, मग आत्या तासभर बोलते. साल हवं असेल तर घटनेला बांधून विचारा: प्लेगच्या आधी की नंतर, मानमोडीच्या साथीत (म्हणजे 1918 च्या फ्लूच्या) ती सासरी होती का. बालविवाह रोखणारा सारडा कायदा 1 एप्रिल 1930 पासून लागू होणार म्हणून त्याआधीच्या महिन्यांत लहान मुलींची लग्नं घाईघाईने उरकली गेली. ‘कायदा यायच्या आत लग्न लावलं’ असं घरात कुणी म्हणत असेल, तर साल जवळजवळ ठरलंच.

थोरल्या मुलाचा शाळेचा दाखला

पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपल्याकडची रीत इथे कामाला येते. पणजीच्या सर्वांत थोरल्या मुलाचं नाव आणि शाळा शोधा. गावच्या जिल्हा परिषद शाळेत मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज करून जनरल रजिस्टरचा उतारा मागा, ज्याला प्रवेश-निर्गम उतारा म्हणतात. त्यातली जन्मतारीख फार मनावर घेऊ नका. गुरुजींनी अंदाजाने 1 जून लिहिलेली माणसं महाराष्ट्रात घरोघरी आहेत. जन्मस्थळाचा रकाना मात्र नीट वाचा. तिथे राहत्या गावाऐवजी भलतंच गाव दिसलं, तर ते पणजीचं माहेर असण्याची शक्यता फार मोठी आहे.

कोतवाल बुक

गावातले जन्म-मृत्यू पूर्वी गाव नमुना 14 मध्ये लिहिले जात. लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. ही जुनी बुकं तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात. अर्जात गाव, तालुका, नावं आणि अंदाजे साल लिहा, दोन्ही बाजूंनी तीन-चार वर्षं जास्त मागा. सासरच्या तालुक्यात एक अर्ज आणि माहेरच्या तालुक्यात दुसरा, कारण मूल जिथे जन्मलं तिथे नोंद. बारसं व्हायच्या आधीच नोंद झालेली असल्याने बाळाचं नाव बऱ्याचदा नसतंच; ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढंच असतं. बापाचं नाव आणि गाव जुळवून ओळखावं लागतं.

तालुके आणि जिल्हे बदलले आहेत हे ध्यानात ठेवा. सिंधुदुर्ग 1981 साली रत्नागिरीतून वेगळा झाला, पालघर 2014 साली ठाण्यातून. आजच्या तहसिलीत बुक नसेल तर जुन्या तालुक्याच्या गावी चौकशी करा. अर्ज पडून राहिला तर माहिती अधिकारात मागा. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प पुरतो. 2023 मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी हजारो जुनी पानं स्कॅन झाली आणि अनेक जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढवली गेली. कोणत्याही जातीच्या माणसाने ती आधी चाळावीत, कारण पानावर साऱ्या गावाच्या नोंदी असतात.

वाचायचं कसं

जुनी पानं मोडी लिपीत असतात. छापील बाराखडी समोर ठेवून निदान आपलं आडनाव आणि गावाचं नाव मोडीत ओळखायला शिका. बाकीचं जाणकाराकडून वाचून घेता येतं. ‘गंगा कोम रामजी’ म्हणजे रामजीची बायको गंगा. ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘भ्र.’ म्हणजे भ्रतार, नवरा. विदर्भाच्या कागदांत याच जागी ‘वल्द’ (अमक्याचा मुलगा) आणि ‘जौजे’ (अमक्याची बायको) दिसतात. साल शके असेल तर इसवी सनासाठी 78 मिळवा. जानेवारी ते गुढीपाडव्यापर्यंतच्या तिथीला 79. संवत्सराच्या नावावर एकट्याने विसंबू नका, 60 वर्षांनी तेच नाव फिरून येतं. मराठवाड्यात निजामाच्या राज्यातले कागद उर्दूत आणि फसली सालात आहेत. फसलीत 590 मिळवलं की इसवी सन येतो: फसली 1357 म्हणजे 1947-48.

वारसांचे फेरफार

माहेरचं गाव कळलं की तिथल्या तलाठी दप्तरातले वारस फेरफार, म्हणजे जमिनीवर वारसांची नावं चढवल्याच्या नोंदी, काढा. पणजीचे वडील किंवा भाऊ वारल्यावर नावं कशी चढली ते त्यात दिसतं. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानंतरच्या फेरफारांत लेकींची नावं सासरच्या नावानिशी येतात, पुढे बहुधा हक्कसोडपत्राने कमीही होतात. नाव कमी झालेलं ते पानच तुम्हाला हवं असतं. एका ओळीत माहेर आणि सासर दोन्ही लिहिलेलं असा पुरावा दुसरीकडे क्वचितच मिळतो.

नाशिकच्या वह्या

नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर इथल्या तीर्थोपाध्यांकडे यजमानांच्या नामावळी आहेत. तुमच्या आडनावाचे आणि मूळ गावाचे उपाध्ये कोण, हे रामकुंडावर विचारलं की कळतं. वही उघडली की कुणाबरोबर कोण आलं होतं, आई, बायको, मुलगे, सगळी नावं ओळीने दिसतात, पुष्कळदा यजमानाच्या सहीसकट. सासरच्या गावाची वही झाली की माहेरच्या घराण्याचे उपाध्ये शोधा. पर्वणीच्या गर्दीत जाऊ नका, दक्षिणा मनापासून द्या आणि फोटो परवानगीनेच काढा. कोकणस्थ, कऱ्हाडे, देशस्थ अशा बऱ्याच घराण्यांचे छापील कुलवृत्तांतही आहेत. त्यांत सुनांची माहेरची नावं दिलेली सापडतात. पुण्यातल्या भारत इतिहास संशोधक मंडळात किंवा आपल्या गावच्या जुन्या वाचनालयात विचारा.

जिथे लग्नाची नोंद खरोखर आहे

वसईच्या ख्रिस्ती घरांना हा फेरा पडत नाही. पॅरिशच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, नोंदवहीत बाप्तिस्मा, विवाह, मृत्यू तिन्ही मिळतात. पारशी विवाहांची नोंदणी 1865 च्या कायद्यापासून आहे. मुस्लिम घरांनी काझींच्या दप्तरात निकाहनामा पाहावा. गोव्यात पोर्तुगीज अमदानीत नागरी नोंदणी आली. त्या विवाह नोंदीत वधूवरांच्या आईवडिलांची नावं असतात, हिंदूंचीसुद्धा. भाषा पोर्तुगीज, चौकशी नोंदणी कार्यालयात आणि पणजी शहरातल्या पुरालेख खात्यात करावी.

प्रत्येक नोंदीची प्रमाणित नक्कल घ्या. मागच्या बाजूला कुठल्या कचेरीतलं बुक, कोणतं साल, पान किती, हे पेन्सिलीने लिहून ठेवा. नाव दोन वेगळ्या ठिकाणी जुळल्याशिवाय वंशवृक्षात पक्क्या शाईने चढवू नका, कारण एका गावात तीन लक्ष्मीबाई असणं अगदी नेहमीचं आहे.