नव्या लॅपटॉपच्या स्क्रीनवर ठिपका दिसला तर

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर लॅपटॉप घेताना पैसे देण्याआधी दुकानातच स्क्रीन तपासा. आधी मऊ कापडाने पुसा, धुळीचा कणही फसवतो. मग पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा असे कोरे रंग फुलस्क्रीन लावून बघा.

पांढऱ्यावर काळाच राहणारा ठिपका म्हणजे मेलेला पिक्सेल (पिक्सेल म्हणजे स्क्रीनवरचं चित्र बनवणारा बारीक ठिपका). तो सहसा परत येत नाही, पॅनेलच बदलावं लागतं. काळ्यावर लाल, हिरवा किंवा निळा चमकणारा ठिपका म्हणजे एकाच रंगावर अडकलेला पिक्सेल. त्या जागी भरभर रंग बदलणारा व्हिडिओ अर्धा तास चालवला की कधीकधी सुटतो. बोटाने दाबू मात्र नका, शेजारचे पिक्सेलही जाऊ शकतात.

घरी आल्यावर दिसला? मोबाइलने फोटो काढा (स्क्रीनशॉटमध्ये तो येत नाही), वॉरंटीतली पिक्सेलची अट वाचा आणि बिल घेऊन लगेच दुकान गाठा.