हस्ताच्या पावसात नाळीची भाजी सांभाळा: तणनाशकाचा पंप चारीत धुऊ नका

शेतकरी बंधू-भगिनींनो, सोलापुरात वर्षाकाठी जेमतेम साडेपाचशे मिलिमीटर पाऊस, आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात पडतो. तळी, पाझर तलाव, उजनी धरणाच्या फुगवट्याचे काठ आणि कालव्याच्या पाझराची दलदल याच दिवसांत भरते. नाळी म्हणजे पाण्यावर पसरणाऱ्या वेलीची रानभाजी; तिला खरा जोर याच दिवसांत येतो. नेमक्या याच वेळी आडसाली (जुलै-ऑगस्टात लावलेल्या) उसात तणनाशकाच्या फवारण्या झालेल्या असतात, पूर्वहंगामी (ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या) लागणीची तयारी चालू असते आणि हस्ताचा एक जोरदार पाऊस ते सगळं चारीतून खाली आणतो. नाळी जाते ती पुष्कळदा यानेच.

उसात रुंद पानांच्या तणासाठी २,४-डी मारतात. उसाला विळखा घालणाऱ्या वेलींवरही तेच चालतं. नाळी त्या वेलींच्याच कुळातली आहे, त्यामुळे औषध तिला वेगळं ओळखत नाही. फवारणी झाली की पंप चारीत बुडवायचा, दोनदा हलवायचा आणि पाणी तिथंच सोडायचं, ही सवय जिकडेतिकडे आहे. पंपाच्या तळाला राहिलेलं थोडंसं द्रावणही खालच्या खाचरातल्या वेलीला पुरेसं होतं.

लक्षणं ओळखा. शेंडा पिळवटून खाली वळतो, कोवळी पानं वाटीसारखी होतात, खोड पेराजवळ सुजतं आणि तडकतं: हे २,४-डी. जुन्या पानांच्या कडा पिवळ्या पडून करपत आत येतात: इथे ॲट्राझिनचा, म्हणजे उसातल्या दुसऱ्या एका तणनाशकाचा, संशय घ्या. दुकानदाराला असं पान दाखवलं की तो ‘अन्नद्रव्याची कमतरता’ म्हणतो आणि ह्युमिक, टॉनिक, सूक्ष्म अन्नद्रव्य अशा तीन बाटल्या हातात ठेवतो. तणनाशकाने पिळलेला शेंडा टॉनिकने सरळ होत नाही. पैसे खिशातच ठेवा आणि पाणी बदला.

करायचं ते असं:
- तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा, त्यावर लाल रंगाची खूण करा.
- फवारणी संपल्यावर पंप तीन वेळा धुवा, त्यातलं एक धुणं धुण्याच्या सोड्याचं. धुतलेलं पाणी त्याच उसात, न भिजलेल्या सरीवर मारून टाका.
- चारी, विहीर, तळं, जनावरांचा हौद यांच्याजवळ पंप नेऊच नका.
- वारा नाळीकडे वाहत असेल तर त्या दिवशी फवारणी नाही. २,४-डीचा इथाइल एस्टर प्रकार उडून लांब जातो. द्राक्षवाल्यांना हे सांगायला नको.
- उसाच्या वरच्या अंगाने येणारं पहिल्या मोठ्या पावसाचं पाणी बांध फोडून बाहेर काढा, खाचरात घेऊ नका.

ऊस शेजाऱ्याचा असेल तर त्याच्याशी आधीच बोलून ठेवा. पाणी घ्यावं की नाही अशी शंका असेल तर एक घरगुती कसोटी आहे. त्या पाण्याने भरलेल्या डब्यात मातीसकट काकडीची किंवा चवळीची दोन-चार कोवळी रोपं ठेवा आणि शेजारी विहिरीच्या पाण्यावर तेवढीच. पाच-सहा दिवसांत पहिल्या डब्यातले शेंडे वळले तर ते पाणी नको. ही प्रयोगशाळेची तपासणी नव्हे; शेंडे सरळ राहिले म्हणजे पाणी पिण्यालायक झालं असंही नाही. शहराच्या नाल्याचं किंवा कारखान्याच्या सांडपाण्याचं पाणी येत असेल तर ही कसोटी करूच नका. तिथली नाळी तोडायची नाही, कितीही हिरवीगार दिसली तरी. वेल पाण्यातले जड धातू ओढून घेते, आणि ते धुऊन किंवा शिजवून जात नाहीत.

एवढा खटाटोप एका रानभाजीसाठी कशाला? कारण ताटात तिचं वजन आहे. १०० ग्रॅम कोवळ्या नाळीत ९० टक्क्यांहून जास्त पाणी असतं, तरी प्रथिनं अडीच ते तीन ग्रॅम, कॅल्शियम ७५ ते ११० मिलिग्रॅम, लोह पावणेदोन ते चार मिलिग्रॅम आणि क जीवनसत्त्व ३५ ते ५५ मिलिग्रॅम मिळतं. शिवाय ‘अ’साठी लागणारं कॅरोटीन भरपूर. आकडे पाणी, जमीन आणि तोडणीच्या वयाप्रमाणे खालीवर होतात. पालेभाजीतलं लोह अंगी कमी लागतं, म्हणून वरून लिंबू पिळा आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नका. कॅरोटीनला तेल लागतं, म्हणून फोडणी हवीच. भाजी आधी धुवा, मग चिरा. चिरून पाण्यात ठेवली तर क जीवनसत्त्व पाण्यात जातं. मुगाच्या डाळीत किंवा शेंगदाण्याच्या कुटात परतलेली नाळी आणि ज्वारीची भाकरी, जेवण झालं. कच्ची मात्र खायची नाही: गोगलगाईमार्फत पसरणाऱ्या चपट्या कृमींच्या गाठी पाणवनस्पतीला चिकटलेल्या असतात.

तोडणीबद्दल: फुलं येण्याआधीचे २० ते २५ सेंटिमीटरचे शेंडे घ्या. फूल आलं की देठ दोरीसारखा होतो. पाण्याच्या वर दोन-तीन पेरं सोडून कापा. खोड पोकळ असतं; पाण्याखाली कापलं की आत पाणी शिरून बुडखा कुजतो, असा आमचा अंदाज आहे. पहाटे तोडा, ओल्या गोणपाटात ठेवा, आठवडी बाजारात उन्हात मांडू नका.

बेशरम आणि नाळी एकाच काठावर वाढतात. नाळी पाण्यावर पसरते, पेरापेराला मुळं सोडते, पान बाणाच्या टोकासारखं लांबट. बेशरम उभं, लाकडी, माणसाच्या उंचीचं झुडूप होतं आणि विषारी आहे, शेळ्यांना बाधतं. बेशरमाचे कोवळे धुमारे चुकून नाळीच्या जुडीत येतात, म्हणून बांधण्याआधी जुडी एकदा सोडून बघा.

लावायची असेल तर:
- फाटे ३० ते ४० सेंटिमीटर, ७-८ पेरांचे.
- चिखलात १५ सेंटिमीटर खोल, अंतर ४० सेंटिमीटर.
- पाणी आधी ३ ते ५ सेंटिमीटर, वेल धरली की १५ ते २०.
- पहिली तोडणी महिन्याने, मग ७ ते १० दिवसांनी.
- कुजलेलं शेणखत चिखलणीला; युरिया हात आखडून.

पानाच्या वर पिवळे ठिपके आणि खाली पांढरे फोड दिसले तर तो पांढरा तांबेरा. पावसाळी हवेत झपाट्याने वाढतो. ती पानं तोडून पुरा, वेल विरळ करा. पानं खाणाऱ्या अळ्या आणि कासवी किड्यांसाठी हाताने वेचणं, नाही भागलं तर ५ टक्के निंबोळी अर्क: ५ किलो निंबोळी भुकटी रात्रभर पाण्यात भिजवून गाळायची, त्यात २०० ग्रॅम साबणाचं पाणी घालून १०० लिटर करायचं, संध्याकाळी फवारायचं. उभ्या पाण्यात रासायनिक कीटकनाशक नको. मासे मरतील, आणि ही भाजी आठवड्यात पुन्हा तोडायची आहे.

यंदा वेल पिळली असेल तर ती खाऊ नका, विकू नका, जनावरांनाही घालू नका. खाचराचं पाणी दोनदा बदला आणि वरच्या अंगाच्या निर्मळ तळ्यातून नवे फाटे आणून आधी एका कोपऱ्यातच लावा. तिथले शेंडे पंधरा दिवस सरळ राहिले तरच बाकीचं खाचर भरा.