ट्रंक केवढी घ्यायची? नवोदयला निघालेल्यांसाठी थोडं

माझ्या मावसबहिणीच्या पोराचा यंदा नवोदयला, म्हणजे केंद्र सरकारच्या सहावी ते बारावीच्या निवासी शाळेत, नंबर लागला. ताईने फोन करून पहिलाच प्रश्न विचारला, "ट्रंक केवढी घेऊ रे?" ऐकून बरं वाटलं. नाहीतर लोक मला गाइड कोणतं, क्लास कोणता, याच्या पुढे काही विचारतच नाहीत. मी २००४ साली सहावीत गेलो, सात वर्षं काढली. एवढं नक्की सांगतो, परीक्षा हा त्यातला सगळ्यात सोपा भाग होता.

तरी परीक्षेचं आधी उरकून टाकू. पाचवीत असताना एकदाच बसता येतं, सहावीच्या प्रवेशाला दुसरी संधी नाही. दोन तासांत ८० प्रश्न, १०० गुण. त्यातले निम्मे गुण बुद्धिमत्तेच्या आकृत्यांचे, उरलेले गणिताचे आणि भाषेचे. पेपर मराठीत देता येतो आणि चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे कोरं काही सोडायचं नाही. एका शाळेत जास्तीत जास्त ८० जागा, त्यातल्या किमान ७५ टक्के ग्रामीण भागातल्या पोरांसाठी आणि एक तृतीयांश मुलींसाठी. झालं. शहरात भरपूर फी घेऊन याचे क्लास चालतात. माझं मत विचाराल तर जुने पेपर आणि रोज तासभर बसवणारं घरातलं कुणी, एवढं पुरतं.

आता ट्रंक. पलंगाखाली सरकेल एवढीच. मोठी घेतली की ती पलंगाबाहेर राहते आणि येणारा-जाणारा तिच्यावर बसतो. तिच्यासोबत बादली, मग, चांगलं कुलूप, सुई-दोरा आणि कपडे वाळत घालायला नायलॉनची दोरी. गणवेश, पुस्तकं, वह्या, अंथरूण-पांघरूण शाळा देते, साबण-तेल-पेस्टही देते. सहावी ते आठवी काहीच पैसे लागत नाहीत. नववीपासून विकास निधी म्हणून महिन्याला ६०० रुपये, तेही मुलींना, अनुसूचित जाती-जमातींच्या आणि दारिद्र्यरेषेखालच्या घरांतल्या मुलांना माफ. सरकारी नोकरांच्या पोरांना मात्र जास्त, १५०० पर्यंत. माझ्या बाबांचा कापूस त्या वर्षी पावसाने गेला होता. मी नवोदयला गेलो नसतो तर कुठे गेलो असतो, याचा विचार मी फारसा करत नाही.

पोहोचल्या दिवशी हाउस मिळतं, म्हणजे शाळेतल्या पोरांच्या चार गटांपैकी एक. अरावली, निलगिरी, शिवालिक, उदयगिरी, चारही डोंगरांची नावं. देशभर हीच चार, त्यामुळे पुढे आयुष्यात कुठलाही नवोदयवाला भेटला की दुसरा प्रश्न "हाउस कोणतं?" हाच असतो. मी निलगिरी, म्हणजे हिरवा. मोठ्या पोरांना भैया म्हणायचं, मोठ्या मुलींना दीदी. महाराष्ट्रातल्या शाळेत दादा-ताई का नाही, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. नववीत कळलं.

दिवस शिट्टीने सुरू होतो. पहाटे पीटी, मग आंघोळीसाठी नळावर मारामारी, नाश्ता, असेंब्ली. 'हम नवयुग की नई भारती' ही प्रार्थना पहिल्या आठवड्यात पाठ होते आणि मग जन्मभर जात नाही. दुपारी झोप येते तेव्हा रेमेडियल म्हणजे कच्च्या विषयांचे जादा तास, संध्याकाळी ग्राउंड, रात्री सुपरवाइज्ड स्टडी म्हणजे सरांच्या नजरेखाली अभ्यास, रोल कॉल, लाइट ऑफ. मधल्या प्रत्येक खाण्याला ताट घेऊन रांग. आमच्या मेसची डाळ इतकी पातळ असायची की ताटाचा तळ दिसायचा. तक्रार केली तर मेस कमिटीवर घालायचे आणि भाजी निवडायला बसवायचे. तक्रारी आपोआप कमी झाल्या.

पालकांनी नीट ऐकायचं ते पुढे आहे. पहिले चाळीसेक दिवस पोरगं रडणार. मी रोज रडायचो, आणि रडायची माझी ठरलेली जागा होती, पाण्याच्या टाकीमागे. तिथे गेलो की आधीच कुणीतरी बसलेला असायचा. आवारात एक रुपयाचा कॉइन बॉक्स होता. त्यावर गावातल्या किराणा दुकानात फोन लावायचा, दुकानदाराने आईला बोलवायला पोरगा पाठवायचा, तोवर रुपया संपायचा. आता फोनची सोय बरी आहे, पण खरं सांगू का, तो रुपया संपायचा हे एका अर्थी बरंच होतं. रोज आवाज ऐकला असता तर मी टिकलो नसतो.

महिन्यातून एक ठरलेला रविवार भेटीचा. कडुनिंबाखाली सतरंज्या पडतात, डबे उघडतात. यात एक चूक जवळजवळ सगळ्या घरांतून होते. आपल्या एकट्याच्या लेकरापुरतं आणतात. दहा जणांचं आणा. ज्याच्या घरून कुणी येत नाही तोही त्या सतरंजीवर बसतो, आणि त्या पोराला पुढची सात वर्षं तुमच्या लेकरासोबत काढायची असतात. दुसरं, गेटवर "जमत नसेल तर परत चल" हे वाक्य चुकूनही बोलू नका. आमच्या बॅचमधले तिघे पहिल्याच दिवाळीत घरी राहिले. त्यातल्या एकाला खरंच जमत नव्हतं, तो अंथरुणात कुडकुडत बसायचा, जेवायचा नाही. त्याला नेलं ते योग्यच झालं. बाकी दोघांना आयांनी नेलं, आणि आजही भेटले की ते आधी तेच बोलतात.

या शाळांचा इतिहास आम्हाला सीनियरांकडून कळला. राजीव गांधींच्या काळात, पी. व्ही. नरसिंह राव शिक्षण सांभाळत असताना, १९८६ चं शिक्षण धोरण आलं. खेड्यातल्या हुशार पोराला पैशावाचून चांगली निवासी शाळा मिळावी, जिल्ह्याला एक, अशी कल्पना. त्याआधीच १९८५-८६ मध्ये प्रयोग म्हणून दोन शाळा सुरू झाल्या होत्या. एक हरियाणात झज्जरला आणि दुसरी आपल्या अमरावतीला. आम्ही वऱ्हाडातली पोरं हे इतक्या तोऱ्यात सांगायचो, जणू आम्हीच वीट रचली. आज देशात साडेसहाशेच्या वर आहेत, फक्त तामिळनाडूत एकही नाही, कारण तिथे हिंदीला विरोध. राज्य सरकारने तीसेक एकर जमीन द्यायची, इमारत होईपर्यंत तात्पुरती जागा द्यायची, बाकी केंद्राचं. त्यामुळे सुरुवातीच्या कित्येक बॅचेस उसन्या इमारतींत शिकल्या. आमचे एक भैया सांगायचे की त्यांचा वर्ग गोदामात भरायचा. त्यात किती मीठमसाला होता देव जाणे.

आणि मायग्रेशन. पालकांना हे माहीतच नसतं, आठवीच्या शेवटी नोटीस येते तेव्हा घरात भूकंप होतो. नववीत वर्गातली साधारण ३० टक्के मुलं एका वर्षासाठी हिंदी भागातल्या नवोदयला जातात आणि तिकडची तेवढीच इकडे येतात. मला उत्तर प्रदेश निघालं. आईने सलग तीन दिवस स्वयंपाकघरात तोंड वळवून काम केलं. शिक्षकांसोबत स्लीपरच्या डब्यातून गेलो. डिसेंबरात तिथलं धुकं असं की समोरच्या डॉर्मेटरीचा दिवा दिसायचा नाही आणि पीटीच्या शिट्टीवर कुठे उभं राहायचं तेच कळायचं नाही.

सहावी-सातवीत आम्ही मराठीतून शिकलो होतो, मग विज्ञान-गणित इंग्रजीत आणि सामाजिक शास्त्र हिंदीत गेलं. त्यामुळे हिंदी येते असा माझा समज होता. पहिल्याच संध्याकाळी एक जण म्हणाला, "हम नहाने जा रहे हैं." मी त्याच्या मागे बघितलं, आणखी कोण आहे म्हणून. तो एकटाच होता. माझं "मेरेको" ऐकून ते आठवडाभर हसले. पण हिशेब पूर्ण झाला, कारण तिथल्या मुलांना तिसरी भाषा म्हणून मराठी होती. मराठीच्या तासाला 'काळा कावळा' म्हणताना चाळीस जणांची जीभ 'ळ'वर अडायची आणि आम्ही महाराष्ट्रवाले मागच्या बाकावर राजासारखे बसायचो. सर मला उभं करून धडा वाचायला लावायचे. वऱ्हाडी हेल असलेलं माझं मराठी आमच्या गावाबाहेर पहिल्यांदा कुणाला तरी शुद्ध वाटलं.

तिथे माझ्या शेजारचा पलंग मिळालेला मित्र आज लखनौला वकील आहे. अजूनही फोन करून "काय रे भाऊ" म्हणतो, 'भाऊ'मधला 'ऊ' ओढत. मायग्रेशन रद्द करून घ्यायला पालक अर्ज-विनंत्या करतात. करू नका. माझ्या सात वर्षांतलं तेच एक वर्ष मला दिवसागणिक आठवतं.

दहावीनंतर पुन्हा चलबिचल होते. जेईई-नीटच्या क्लाससाठी लातूर, नांदेडकडे निघालेली पोरं दिसली की घरचे अस्वस्थ होतात. अकरावी-बारावीला थांबावं की नाही, हे त्या शाळेत त्या वेळी भौतिक-रसायनला शिक्षक कोण आहेत त्यावर ठरवा. पद रिकामं असेल तर माया करू नका, सरळ निघा. थांबलात तर दक्षणा फाउंडेशनच्या निवड चाचणीची चौकशी आधीपासून ठेवा. नवोदयच्या मुलांना ते जेईई-नीटची मोफत तयारी करून देतात. आमच्या बॅचमधली दोन मुलं तशीच आयआयटीला गेली.

ताईने काल ट्रंकेचा फोटो पाठवला. माप बरोबर आहे. झाकणावर लाल रंगाने पोराचं नाव रंगवून घेतलंय, झोकात. मी तिला कळवलं की नाव झाकणाच्या आतूनही लिही, बाहेरचा रंग पहिल्या पावसाळ्यात उडतो. आणि कुलपाची दुसरी किल्ली पोराकडे देऊ नको, हाउस मास्तरांकडे दे. पहिली तो आठवड्याभरात हरवणार आहे.