रसायन खाणारे जीवाणू मातीतून कसे निवडावेत

चिमूटभर मातीत कोट्यवधी जीवाणू असतात. कारखान्यात बनलेले एखादे विशिष्ट रसायन पचवणारे त्यांत मोजकेच. ते हाताने वेचता येत नाहीत, पण बाकीच्यांना उपाशी ठेवून निवडता येतात. खायला एकच रसायन ठेवायचे. ज्याला ते पचेल तो वाढेल. या पद्धतीला एनरिचमेंट कल्चर म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बायरिंक आणि विनोग्राडस्की या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी ती रूढ केली.

पहिल्याच प्रयोगाला फिनॉल किंवा क्लोरीनयुक्त द्रावके घेऊ नका. सोडियम बेंझोएट घ्या. त्याच्यासाठी लागणारे बेंझॉइक आम्ल कारखान्यात टोल्युइनपासून बनवतात. त्यात बेंझिनचे कडे, म्हणजे सहा कार्बन अणूंचे वलय असते, तरी ते हाताळायला बरेच सुरक्षित आहे. पण हे तर अन्न टिकवायला वापरतात, मग त्यात जीवाणू वाढतील कसे? बेंझोएट मारक ठरते ते आम्लधर्मी द्रावणात. पीएच 7 च्या आसपास त्याचा जाच फारसा होत नाही, आणि काही जीवाणूंचे तर ते जेवणच असते. मात्र सोबत रोगजंतूही वाढू शकतात, म्हणून हे काम प्रयोगशाळेत, जाणकाराच्या देखरेखीखालीच करा.

1 लिटर डिस्टिल्ड पाण्यात डायपोटॅशियम हायड्रोजन फॉस्फेट 1.5 ग्रॅम, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट 0.5 ग्रॅम, अमोनियम क्लोराइड 1 ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट 0.2 ग्रॅम आणि लोहक्षाराचे दोन-चार कण विरघळवा. साखर किंवा पेप्टोन (प्रथिनांपासून केलेले जीवाणूंचे खाद्य) चुकूनही घालू नका. अर्ध्या द्रावणात लिटरला 0.5 ग्रॅम या प्रमाणात बेंझोएट मिसळा, मग दोन्ही द्रावणे निर्जंतुक करा.

आता 250 मिलिलिटरचे तीन चंबू घ्या आणि प्रत्येकात फक्त 50 मिलिलिटर द्रावण ओता. थर उथळ हवा, कारण या जीवाणूंना कडे फोडायला ऑक्सिजन लागतो. पहिल्यात बेंझोएट आणि 1 ग्रॅम माती, दुसऱ्यात नुसती माती, तिसऱ्यात नुसते बेंझोएट. कापसाचे बोळे लावून 30 अंश सेल्सिअसच्या आसपास हलवत ठेवा.

काही दिवसांत पहिला चंबू गढूळ होईल. एवढ्यावर हुरळून जाऊ नका! मातीतला कुजलेला पालापाचोळा खाऊनही जीवाणू वाढतात. म्हणून 2.5 मिलिलिटर उचलून त्याच प्रकारच्या 47.5 मिलिलिटर ताज्या द्रावणात घाला. दुसऱ्या चंबूचीही अशीच बदली करा. दर वेळी मातीचा अंश 20 पटींनी विरळ होतो, म्हणजे तीन बदल्यांत 8000 पटींनी. तरीही पहिली मालिका पुन्हा पुन्हा गढूळ होत असेल आणि दुसरी नितळ राहिली असेल, तर तुमचे जीवाणू बेंझोएटवरच जगताहेत.

मला सगळ्यात जास्त पाहावासा वाटतो तो चंबूतला रंग. जीवाणू आधी कड्यावर ऑक्सिजन बसवून बेंझोएटचे कॅटेकॉल नावाचे संयुग करतात, मग कडे कापतात. काही जातींच्या कापण्याच्या रीतीने मधेच पिवळे संयुग तयार होते. द्रावण तपकिरी पडले, तर बहुधा कॅटेकॉल साचून हवेने काळवंडते आहे. कापलेले तुकडे शेवटी पेशीच्या नेहमीच्या ऊर्जाचक्रात जातात.

बेंझोएट खरेच संपले का, हे मोजावे लागते. पेशी सेंट्रिफ्यूजने (वेगाने फिरवणाऱ्या यंत्राने) खाली बसवा, वरचे पाणी विरळ करून क्वार्ट्झच्या क्युव्हेटमध्ये (मोजणीच्या छोट्या पारदर्शक नळीत) घ्या, 225 नॅनोमीटरच्या आसपास अतिनील शोषण पाहा आणि तिसऱ्या चंबूशी ताडून बघा.

इथे एक धोका मनात ठसवून घ्या: मूळ रसायन नाहीसे होणे म्हणजे विष संपणे नव्हे. ड्रायक्लीनिंगमधले टेट्राक्लोरोइथीन ऑक्सिजन नसलेल्या भूजलात पोहोचले, की जीवाणू त्याचे क्लोरीन एकेक करून काढतात. ही साखळी व्हिनाइल क्लोराइडपाशी अडली, तर हाती उरतो माणसात कर्करोग घडवणारा पदार्थ. त्यापुढे निरुपद्रवी इथीनपर्यंत नेतात ते प्रामुख्याने डीहॅलोकोकॉइड्स या जीवाणूंचे काही वाण. म्हणून दुसऱ्या कुठल्या रसायनाकडे वळाल, तेव्हा मधले पदार्थही मोजा.

चांगली वाढलेली थोडी कल्चर ग्लिसरॉल मिसळून गोठवून ठेवा. उरलेले सगळे ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेच्या भांड्यात) मारल्याशिवाय मोरीत ओतू नका.