दुर्मिळ जनुकीय आजारांच्या संशोधनात विद्यार्थ्यांना मार्गदर्शन कसे करावे

एमबीबीएसच्या विद्यार्थ्याला संशोधनासाठी जेमतेम दोन महिने मिळतात, तर आजारी मुलाचे कुटुंब उत्तराची वाट वर्षानुवर्षे पाहत असते. म्हणून त्या मुदतीत खरोखर पुरा होईल असा एकच प्रश्न त्याच्याकडे सोपवावा आणि एथिक्स कमिटीची मंजुरी तो येण्यापूर्वीच घेऊन ठेवावी.

नागपुरात सुरुवात सिकलसेलपासून, म्हणजे तांबड्या रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या करणाऱ्या आनुवंशिक आजारापासून करावी. हा आजार विदर्भात दुर्मिळ नाही, आणि शिकवण्यासाठी तीच सोय आहे. हिमोग्लोबिनचा एक भाग घडवणाऱ्या एचबीबी जनुकातील एक अक्षर बदलल्याने ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येते, आणि आई-वडील दोघेही ‘एएस’ (एकच सदोष प्रत असलेले वाहक) असतील तर प्रत्येक गरोदरपणात ‘एसएस’ (दोन्ही प्रती सदोष असलेल्या, आजारी) बाळाची शक्यता २५ टक्के असते, हे त्याला स्वतः मांडून दाखवता आले की इतर अप्रभावी (दोन्ही प्रती सदोष असतील तरच होणाऱ्या) आजारांचे गणित वेगळे शिकवावे लागत नाही.

यानंतर वंशावळ काढायला शिकवावे आणि त्यासाठी सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण माझ्या मते विद्यार्थी संशोधक होतो तो याच कागदावर. ‘नात्यात लग्न झाले आहे का?’ असे विचारले की पुष्कळ जण सरळ ‘नाही’ म्हणतात, कारण मामाच्या मुलीशी झालेले लग्न त्यांना वेगळे असे वाटतच नाही. त्याऐवजी पत्नीला ‘लग्नाआधी सासूबाई तुमच्या कोण लागत होत्या?’ असे विचारावे. ‘आत्या’ असे उत्तर येते, आणि वंशावळीत पुरुष-स्त्री दाखवणाऱ्या चौकोन-वर्तुळांमधली एकेरी रेघ दुहेरी, म्हणजे नात्यातल्या लग्नाची, होते. दगावलेली बाळे आणि गर्भपात यांविषयी विचारताना पेन खाली ठेवावे, आईला बोलू द्यावे आणि नोंद नंतर करावी. गडचिरोली-गोंदियाकडून आलेल्या माणसांना परतीची एसटी गाठायची असते, हेही विद्यार्थ्याच्या ध्यानात आणून द्यावे.

एक्झोम तपासणीचा (जनुकांतले प्रथिने घडवणारे भाग वाचणाऱ्या चाचणीचा) अहवाल त्याच्या हाती यानंतरच द्यावा. जनुकीय बदलांचे रोगकारक ते निरुपद्रवी असे पाच वर्ग आहेत. त्यांतला मधला, ‘अनिश्चित अर्थाचा’ हा वर्ग, नवख्या विद्यार्थ्याला हमखास चकवतो. जागतिक जनुकीय संग्रहांत आपल्याकडील समाजांचे नमुने थोडे असल्याने, तिथे न सापडलेला बदल आपल्या भागात नेहमीचा असू शकतो. म्हणून तो बदल आई-वडिलांत तपासावा, इंडिजेनसारख्या भारतीय संग्रहात शोधावा आणि तरीही उलगडा झाला नाही तर ‘अर्थ अद्याप ठाऊक नाही’ असेच लिहायला लावावे. कुटुंबाला निष्कर्ष सांगण्याचे काम विद्यार्थ्याचे नाही. ते जनुकीय समुपदेशकाने किंवा उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी करावे, मात्र त्या वेळी विद्यार्थ्याला शेजारी अवश्य बसवावे.

प्रकल्प संपताना त्याच्याकडून एक वही पूर्ण करून घ्यावी. अनिश्चित राहिलेला प्रत्येक बदल, तो शेवटचा तपासल्याची तारीख आणि कुटुंबाचा सांकेतिक क्रमांक तीत असावा. नावे व फोन नंबर कुलूपबंद नोंदवहीतच राहावेत. पुढच्या वर्षी येणाऱ्या विद्यार्थ्याला पहिले काम म्हणून हीच वही उघडायला सांगावी.