एकाच मोबाइलवर दुकानाचा नंबर आणि घरचा नंबर

माझं तासगावात कृषी सेवा केंद्र आहे. गिऱ्हाईक बहुतेक द्राक्षवाले. ऑक्टोबर छाटणीनंतर बागा फुटायला लागल्या की पहाटेच फोन सुरू होतात. "ताई, रात्री पाऊस झालाय, पानावर डाग दिसाय लागल्यात, काय मारू?" हा फोन उचलावाच लागतो. फुलोऱ्यात दावणी (डाउनी, हा बुरशीचा रोग) घडात शिरली तर एक-दोन दिवसांत वर्षाचं पीक हातचं जातं. म्हणून "संध्याकाळी दुकानाचं सिम बंद करून टाका" हा सोपा सल्ला आमच्या धंद्यात चालत नाही. नंबर वेगळे करायचे ते घराला वेळ मिळावा म्हणून, पण अडचणीतला शेतकरी आपल्यापर्यंत पोचला पाहिजे.

पहिला प्रश्न: जुना नंबर कुणाचा? माझं स्पष्ट मत आहे, जुना नंबर दुकानाला द्या. तो बिलावर, पाटीवर आणि शेकडो शेतकऱ्यांच्या मोबाइलमध्ये आहे. घरची, नात्यातली माणसं मोजकी असतात, त्यांना नवा नंबर सांगणं एका दिवसाचं काम. मात्र आधार आणि बचत खातं जुन्या नंबरला जोडलेलं असेल तर ते आधी घरच्या नंबरवर न्या. आधारचं काम आधार केंद्रावर होतं, खात्याचं बँकेच्या शाखेत. दुकानाचं चालू खातं आणि जीएसटी जुन्या नंबरवरच राहू द्या. उद्या काउंटरवर दुसऱ्या कुणाच्या हाती दुकानाचा नंबर द्यायची वेळ आली, तर आपल्या आधारचा, बचत खात्याचा ओटीपी त्याच्या हाती जाता कामा नये.

नवं सिम घेण्याआधी मोबाइलचा ट्रे बघून घ्या. काही मोबाइलमध्ये दुसऱ्या खाचेत सिम किंवा मेमरी कार्ड यांपैकी एकच बसतं. मोबाइल ई-सिम (कार्ड न घालता चालणारं सिम) घेत असेल तर प्रश्नच मिटला. कंपनी निवडताना गावातली रेंज बघू नका, बागेत उभं राहून बघा. दोन्ही सिम वेगवेगळ्या कंपन्यांची असलेली बरी, एकीची रेंज गेली तरी दुसरी असते. घरच्या सिमवर इंटरनेट लागत नसेल तर फक्त कॉल आणि एसएमएसचं रिचार्ज मागा. दूरसंचार नियामक ट्रायने डिसेंबर २०२४मध्ये नियम केल्यापासून असे प्लॅन कंपन्यांना ठेवावेच लागतात.

सिम बसल्यावर सेटिंगमधल्या सिमच्या पानावर त्यांना 'दुकान' आणि 'घर' अशी नावं द्या. इंटरनेट दुकानाच्या सिमवर ठेवा. कॉलसाठी 'प्रत्येक वेळी विचारा' निवडा. एक टिचकी जास्त पडते, पण घरच्या नंबरवरून शेतकऱ्याला एकदा फोन गेला की तो नंबर गावभर होतो. बऱ्याच मोबाइलमध्ये दोन्ही सिमना वेगळी रिंगटोन लावता येते, ती लावाच.

आता एक गोष्ट जी मोबाइलच्या दुकानात फारशी कुणी सांगत नाही. दोन सिमच्या बहुतेक मोबाइलमध्ये एका सिमवर बोलणं चालू असताना दुसरं सिम बाहेरच्याला 'संपर्क क्षेत्राबाहेर' लागतं. आई दवाखान्यातून घरच्या नंबरवर फोन करते आणि तुम्ही दुकानाच्या नंबरवर औषधाचं प्रमाण सांगत असता, तिला फोन बंद वाटतो. उपाय असा: घरच्या सिमच्या कॉल सेटिंगमध्ये कॉल फॉरवर्डिंग उघडा आणि 'संपर्क न झाल्यास' या पर्यायात दुकानाचा नंबर घाला. दुकानाच्या सिमवर कॉल वेटिंग चालू ठेवा. मग बोलतानाच दुसरा कॉल टूं-टूं करून कळतो. उलट बाजूनेही तसंच करा. आणि हे स्वतःच्या हातानेच करा. फोनवर कुणी अनोळखी माणूस *४०१# लावून पुढे एक नंबर दाबायला सांगत असेल तर ती फसवणूक आहे, तुमचे कॉल त्याच्याकडे वळवायची. त्यावरूनच दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४पासून असा कोड दाबून कॉल वळवायची सोय थांबवायला सांगितली होती.

व्हॉट्सॲपला जास्त वेळ द्या, खरी गर्दी तिथेच असते. आधी चॅटचा बॅकअप घ्या. मग व्हॉट्सॲप बिझनेस उतरवून त्यात जुना नंबर घाला. जुन्या चॅट, पानांचे फोटो, सगळं तिकडे येतं. त्यानंतर साधं व्हॉट्सॲप नव्या नंबरवर सुरू करा. घरच्या ग्रुपमध्ये नवा नंबर घालून घ्या आणि जुन्याने बाहेर पडा.

बिझनेसमध्ये झटपट उत्तरांची सोय आहे. मी तिथे एक मजकूर ठेवलाय: "पानाचा वरून आणि खालून, दोन्ही बाजूंनी फोटो पाठवा. छाटणीला किती दिवस झाले? शेवटची फवारणी कशाची, कधी? पाऊस कधी झाला?" दावणीची पांढरी बुरशी पानाच्या खालच्या अंगाला दिसते, नुसता वरचा फोटो बघून औषध सांगणं मला पटत नाही. शेतकऱ्यांच्या चॅटना लेबलं गावावरून न लावता छाटणीच्या आठवड्यावरून लावा. एकाच आठवड्यात छाटलेल्या बागांच्या अडचणी सारख्या असतात, मग सावळजच्या आणि मणेराजुरीच्या शेतकऱ्यांना एकदमच कळवता येतं. ब्रॉडकास्टचा, म्हणजे एकदम अनेकांना धाडलेला निरोप मात्र ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच पोचतो. म्हणून बिल देतानाच त्याला नंबर सेव्ह करायला लावा.

दुकानाच्या वेळा तिथेच भरा आणि वेळेबाहेरचा निरोप लिहून ठेवा. माझा असा आहे: "दुकान सकाळी उघडेल. पावसामुळे बाग अडचणीत असेल तर लागोपाठ दोनदा फोन करा, मी उचलेन." यामागची युक्ती 'व्यत्यय आणू नका' या सेटिंगमध्ये आहे. रात्री ते आपोआप चालू होईल असं लावायचं, घरच्या माणसांना तारांकित करून सूट द्यायची आणि 'पुन्हा कॉल करणारे' हा पर्याय चालू ठेवायचा. अँड्रॉइडवर पंधरा मिनिटांत त्याच नंबरवरून दुसरा कॉल आला तर तो वाजतो. दर विचारणारा दुसऱ्यांदा लावत नाही, बाग हातची जाणारा लावतो.

दुकानाची संपर्क यादी वेगळ्या गुगल खात्यात सेव्ह करा, मोबाइल बदलला किंवा काउंटरवर माणूस बदलला तरी यादी दुकानाची राहते. यूपीआय ॲप सुरू करताना सिम निवडायला सांगतं, तिथे घाई नको. ज्या खात्याला जो नंबर जोडलाय तेच सिम निवडलं तर खातं सापडतं. शेवटी सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावर जाऊन आपल्या नावावर किती नंबर आहेत ते बघा. आपले दोन सोडून तिसरा अनोळखी दिसला तर तिथेच 'माझा नंबर नाही' अशी तक्रार नोंदवता येते.